पंप आणि रायझिंग मेनच्या कामाचे स्पेसिफिकेशन: तीन कोटेशनांत इतका फरक का पडतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पलूस तालुक्यातील तुमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेला कृष्णाकाठच्या जुन्या जॅकवेलवर (नदीचे पाणी जिच्यातून उपसतात त्या विहिरीवर) दोन नवे पंप बसवायचे आहेत आणि तिथून वरच्या कुंडापर्यंतची सुमारे १८०० मीटरची रायझिंग मेन, म्हणजे पाणी वर चढवणारी पाइपलाइन, बदलायची आहे. संचालक मंडळाने एकपानी टिपण तीन ठेकेदारांना दिले, तेव्हा ९२ लाख, १ कोटी १८ लाख आणि १ कोटी ४१ लाख अशी कोटेशने आली. यांतले खरे कोणते, टिपणात काय कमी पडले, आणि सर्वांत कमी दराचा ठेकेदार ‘स्पेसिफिकेशन मीच लिहून देतो’ म्हणतो आहे ते चालेल का, असे सचिव या नात्याने तुम्ही विचारले आहे.

ज्या तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, तिथल्या संस्थेला पंपाविषयी मी फार काही सांगावे अशी स्थिती नाही. तुमची अडचण कागदाची आहे. टिपणातील मुख्य वाक्य तुम्ही जसेच्या तसे दिले आहे: ‘३५० मिमी व्यासाची उत्तम प्रतीची पाइपलाइन खोदाईसह टाकून, तसेच ६० एचपीचे दोन पंप व आवश्यक ते इलेक्ट्रिकल साहित्य बसवून काम पूर्ण करून देणे.’ हे वाचून तिन्ही ठेकेदारांनी आपापल्या मनात वेगवेगळे काम धरले आणि त्या त्या कामाची किंमत दिली. त्यामुळे पहिला स्वस्त आणि तिसरा महाग, असे आज कोणालाच म्हणता येणार नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. कामाला बँकेचे कर्ज किंवा शासकीय अनुदान असेल, तर निविदेचा नमुना आणि दरसूची ठरलेली असते आणि तुम्हाला फारसे स्वातंत्र्य राहत नाही. तिथे मी पुढे लिहितो त्यातले बरेचसे विशेष अटींत घालावे लागते. काम स्वनिधीतून असेल, तर कागद पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दुसरे असे की, लाइनचा लेव्हल सर्व्हे झालेला आहे की नाही, हे तुमच्या प्रश्नात नाही. झालेला नसेल, तर आधी तो करून घ्यावा आणि मगच लिहायला बसावे. पुढची उदाहरणे देताना मी कुंडाची पातळी उन्हाळ्यातील नदीच्या पाण्यापासून ५० मीटर वर आणि एकूण विसर्ग, म्हणजे कुंडात पडणारे पाणी, १०० लिटर प्रति सेकंद असे धरून चाललो आहे. तुमचे आकडे वेगळे असले तरी विचाराची पद्धत तीच राहील.

पहिल्यांदा ‘३५० मिमी’ या शब्दांकडे पाहू, कारण कोटेशनांतला मोठा फरक बहुधा इथेच दडलेला आहे. डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपमध्ये, म्हणजे आयएस (भारतीय मानक) ८३२९ च्या पाइपमध्ये, ३५० हे नाममात्र माप असते आणि आतून सिमेंटचे अस्तर धरूनही पाण्याला साधारण तेवढाच व्यास मिळतो. एचडीपीई या प्लास्टिकचे, म्हणजे आयएस ४९८४ च्या पाइपचे, माप बाहेरून मोजतात. ३५५ मिमीचा, १० किलो दाबाचा, पीई १०० प्रतीचा पाइप घेतला तर भिंतीची जाडी २१ मिमीच्या आसपास असते आणि आतला व्यास जेमतेम ३१३ मिमी उरतो. स्टीलचा पाइप आयएस ३५८९ प्रमाणे घेतला तर बाहेरचा व्यास ३५५.६ मिमी, आणि आतला व्यास पत्र्याच्या जाडीवर व अस्तरावर ठरतो. तिघांनीही तुमच्या टिपणाप्रमाणेच दर दिला असे प्रामाणिकपणे म्हणता येते, आणि तरीही पाइप तीन वेगळे आहेत.

याचा विजेच्या बिलावर काय परिणाम होतो तेही पाहा. १८०० मीटर लांबी, सेकंदाला १०० लिटर पाणी आणि घर्षणाच्या हेझन-विल्यम्स सूत्रातील गुळगुळीतपणाचा गुणांक १३० धरला, तर ३५० मिमी आतल्या व्यासाला घर्षणात सुमारे साडेपाच मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जाते. ३१३ मिमीला, एचडीपीई गुळगुळीत म्हणून गुणांक १४० धरला तरी, आठ मीटरच्या वर जाते. हा पावणेतीन मीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर त्यासाठी दर तासाला जवळजवळ पावणेचार युनिट जादा लागतात. वर्षाला २००० तास पंप चालले तर साडेसात हजार युनिट, आणि पाइपचे आयुष्य असेल तितकी वर्षे. याचा अर्थ एचडीपीई वाईट असा मुळीच नाही. काळ्या जमिनीत गंजत नाही हा तिचा मोठा गुण आहे. कागदावर ‘आतला व्यास किमान इतका’ असे लिहिले, तर एचडीपीईवाला एक माप वरचा पाइप देईल आणि मग तुलना बरोबरीची होईल.

इथेच स्पेसिफिकेशन लिहिण्यातला मुख्य निर्णय येतो. तुम्हाला काय हवे ते सांगायचे आणि ते कसे साधायचे हे ठेकेदारावर सोडायचे, ही एक रीत. पाइपची जात, जाडी, जोड, अस्तर सगळे आपणच ठरवून द्यायचे, ही दुसरी. दोन्ही रीती चालतात, परंतु त्यांची जबाबदारी वेगळी असते. तुम्ही व्यास आणि जाडी ठरवून दिली आणि त्याच कागदावर ‘कुंडात १०० लिटर पाणी पडण्याची हमी ठेकेदाराची’ असेही लिहिले, तर पाणी ८५ लिटर पडल्यावर ठेकेदार म्हणणार की पाइप तुम्ही निवडला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नसेल. तुमच्यासारख्या कामात माझी पद्धत अशी आहे की, पंप, मोटर आणि पाइपलाइन एकाच ठेकेदाराकडे द्यावी, विसर्ग आणि वीजखप यांची हमी त्याच्याकडून घ्यावी, व्यास आणि दाबवर्ग (पाइप किती दाब सोसेल तो वर्ग) त्यानेच गणितासह सुचवावा, आणि आपण फक्त किमान मर्यादा घालाव्यात: पाण्याचा वेग, जमिनीखालची खोली, पाइपचे आयएस मानक, बाहेरचे संरक्षक आवरण. संस्थेकडे स्वतःचा डिझायनर असेल, तर मात्र दुसरी रीत घ्यावी आणि विसर्गाची हमी ठेकेदाराकडून मागू नये.

‘६० एचपीचे दोन पंप’ हे वाक्यही याच कसोटीवर उलटे आहे. एचपी हे गणिताचे उत्तर आहे आणि मागणीच्या जागी उत्तर लिहिले गेले आहे. मागणी अशी लिहावी: प्रत्येक पंपाने दोन्ही पंप एकत्र चालू असताना सुमारे ५७.५ मीटर एकूण हेडवर सेकंदाला ५० लिटर द्यावे. या हेडमध्ये स्थिर उंची ५० मीटर, घर्षण साडेपाच आणि बेंड-व्हॉल्व्हचे दोन मीटर धरले आहेत. त्याचबरोबर नदीची उन्हाळ्यातील किमान आणि पावसाळ्यातील कमाल पातळी द्यावी, म्हणजे पंप किती पल्ल्यात चालणार हे कळेल. एकच पंप चालवला तर लाइनमधले घर्षण घटते आणि त्या एकट्या पंपातून ५० लिटरपेक्षा जास्त पाणी जाते. म्हणून ‘एकेकटा किंवा दोन्ही मिळून, कोणत्याही नदीपातळीला मोटर ओव्हरलोड होऊ नये’ हे वाक्य विसरू नका. पंप व्हर्टिकल टर्बाइन (मोटर वर, पंप खाली पाण्यात अशा उभ्या बनावटीचा) असेल तर आयएस १७१०, मोटरच्या कार्यक्षमतेच्या वर्गासाठी आयएस १२६१५, असे मानक नावानिशी लिहावे. ‘उत्तम प्रतीचा’ हा शब्द काढून टाका. त्याची तपासणी कोणीही करू शकत नाही, म्हणून ठेकेदार त्याची किंमतही धरत नाही.

आता हद्दी. माझ्या पाहण्यातले बहुतेक वाद साहित्याच्या प्रतीवरून होत नाहीत, ते दोन कामांच्या मधल्या जागेवरून होतात. जिल्ह्यातल्याच एका संस्थेत पंपवाल्याने मोटर जॅकवेलवर बसवून दिली, इलेक्ट्रिकलवाल्याने पॅनेल शेडमध्ये उभे केले, आणि शेडपासून मोटरपर्यंतची केबल कोणाच्याच कागदात नव्हती. केबल काही लाख रुपयांची असते. ती कोणी आणायची हे ठरेपर्यंत उसाच्या दोन पाळ्या चुकल्या. म्हणून कामाची व्याप्ती लिहिताना पाण्याच्या आणि विजेच्या वाटेने शेवटपर्यंत चालत जावे आणि प्रत्येक सांध्यावर थांबून ‘इथपर्यंत कोण, इथून पुढे कोण’ हे लिहावे. महावितरणच्या मीटरच्या अलीकडे संस्था, पलीकडे ठेकेदार. विद्युत निरीक्षकांच्या परवानगीचे कागद कोण तयार करणार आणि शुल्क कोण भरणार. जुना पंप उचलून कुठे ठेवायचा आणि भंगार कोणाचे. रस्ता ओलांडण्याची बांधकाम खात्याची परवानगी कोणी आणायची. उभ्या पिकाची नुकसानभरपाई कोणी द्यायची. शेवटच्या दोन गोष्टी शक्यतो संस्थेने स्वतःकडे ठेवाव्यात, कारण बांधावरचा शेतकरी तुमचाच सभासद आहे आणि ठेकेदार त्याची जोखीम दुपटीने दरात धरतो.

याच ठिकाणी आणखी एक बाब लिहावी लागते आणि ती जवळजवळ प्रत्येक टिपणातून सुटते: जुनी लाइन बंद कधी आणि किती दिवस ठेवायची. नवी लाइन पूर्ण टाकून, तपासून झाल्यावरच जुनी तोडायची, आणि शेवटच्या जोडणीसाठी इतक्या दिवसांहून अधिक पाणी बंद राहणार नाही, असे स्पष्ट लिहावे. ठेकेदाराला हे आधी कळले तर तो नवी लाइन शेजारून आखतो. नंतर कळले तर जादा कामाचे बिल लावतो.

खोदाईविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ३५० मिमीच्या पाइपवर एक मीटर मातीचे आच्छादन आणि खाली थोडे बेडिंग (पाइपखालचा भरावाचा थर) धरले, तर चर दीड मीटर खोल आणि साधारण ९० सेंटिमीटर रुंद होतो. म्हणजे १८०० मीटरला सुमारे २४०० घनमीटर खोदाई. नदीकाठाला काळी माती लागेल, पण वर कुंडाकडे जाताना मुरूम आणि पुढे खडक लागण्याचीच शक्यता जास्त. टिपणात नुसते ‘खोदाईसह’ आहे. पहिल्या ठेकेदाराने सगळीकडे माती धरली असेल आणि खडक लागल्यावर तो तुमच्याकडे येईल. तिसऱ्याने अर्धी लांबी ब्रेकरने फोडायची असे धरून दर दिला असेल. ‘सर्व प्रकारच्या जमिनीत, खडकासह, एकच दर’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि संचालकांनाही तो आवडतो. माझा सल्ला याच्या विरुद्ध आहे. एकच दर मागितला की सावध ठेकेदार वाईटात वाईट धरून चालतो, बेसावध ठेकेदार काम अर्ध्यावर टाकतो, आणि दोन्ही बाबतीत पैसे संस्थेचेच जातात. त्याऐवजी दर दीडशे मीटरला एक चाचणी खड्डा घ्या; जेसीबीचे दीड-दोन दिवसांचे काम आहे. कुठे काय लागले ते फोटोसह कागदाला जोडा. मग माती व मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे अंदाजे परिमाण देऊन तिन्हींचे वेगळे दर मागवा आणि मोजणी आयएस १२०० प्रमाणे, चर बुजवण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी होईल असे लिहा. मऊ आणि कठीण यांतला फरक जागेवर कोण ठरवणार, त्या व्यक्तीचा हुद्दाही लिहा. नुसते ‘इंजिनिअरच्या निर्देशानुसार’ लिहिले आणि संस्थेने इंजिनिअर नेमलाच नाही, तर ते वाक्य निरुपयोगी ठरते.

पुराच्या पातळीची गोष्ट सांगली जिल्ह्यात कोणाला पटवावी लागत नाही. तरीही ‘मोटर पूररेषेच्या वर बसवावी’ इतकेच लिहिलेले कागद मी आजही पाहतो. कोणत्या वर्षीचा पूर? सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी मानतात आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे फूट त्या पुलाजवळच्या मोजपट्टीचे आहेत. ते तुमच्या जॅकवेलवर तसेच्या तसे लावता येत नाहीत. तुमच्या गावात २०१९ च्या पाण्याची खूण एखाद्या भिंतीवर किंवा देवळाच्या पायरीवर नक्की असेल. ती सर्व्हेअरकडून कायम बेंचमार्कला (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेला) जोडून घ्या आणि लिहा की मोटर, पॅनेल आणि केबलचे सर्व जोड त्या खुणेच्या किमान एक मीटर वर असतील. एक मीटर हा माझा अंदाजे नेम आहे; जॅकवेलची उंची वाढवणे महाग पडत असेल तर कमी-जास्त करता येईल, किंवा पाण्याखाली चालणारा सबमर्सिबल पंप घेऊन फक्त पॅनेल उंचावर नेता येईल. जुन्या जॅकवेलवर नवा स्लॅब आणि नवे वजन येणार असेल, तर त्याच्या भिंतींची तपासणी कोणाच्या व्याप्तीत आहे, हेही तिथेच लिहा.

वीज अचानक गेली की लाइनमध्ये काय होते, हे तुमच्या ऑपरेटरला चांगले ठाऊक असेल. स्टीलच्या लाइनमध्ये दाबाची लहर सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने जाते, आणि पाण्याचा एक मीटर प्रति सेकंद वेग एकाएकी थांबला तर सुमारे १०० मीटर हेडचा धक्का बसू शकतो. तुमच्या लाइनमधला वेग नेमका तेवढाच आहे. म्हणजे पाइपचा दाबवर्ग ५७ मीटरवर ठरवला तर कमी पडेल. ‘आवश्यक तेथे एअर व्हॉल्व्ह’ असे लिहिण्याऐवजी, वॉटर हॅमरचे, म्हणजे या धक्क्याचे, गणित ठेकेदाराने पाइप मागवण्यापूर्वी सादर करावे आणि त्यातून निघणारे एअर व्हॉल्व्ह, झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (पाणी उलटे फिरण्याआधी बंद होणारा) आणि थ्रस्ट ब्लॉक (वळणावर पाइप धरून ठेवणारे काँक्रीट) त्याच्याच दरात धरलेले असतील, असे लिहा. दाबचाचणीसाठी किती दाब, किती वेळ आणि किती घट चालेल, हे तीन आकडे द्या. चाचणीचे पाणी आणि वीज कोणाची, हे लहानसे वाक्यही घाला. जोडणी मिळालेली नसताना जनरेटर आणावा लागतो आणि त्याच्या भाड्यावरून मी माणसे भांडताना पाहिली आहेत.

शेवटी काम स्वीकारायचे कसे. विसर्गाची हमी घेतली आणि मोजायची रीत लिहिली नाही, तर हमीला अर्थ उरत नाही. तुमच्या कामात सुदैवाने वरचे कुंड आहे. समजा ते चार मीटर बाय पाच मीटरचे आहे. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही पंप चालवावेत आणि भिंतीवर रंगाने आखलेल्या पट्टीवर पाणी दीड मीटर चढायला किती वेळ लागतो ते पाहावे. तीस घनमीटर पाणी पाच मिनिटांत भरले, तर सेकंदाला १०० लिटर मिळाले. त्याच पाच मिनिटांचे मीटरवरील युनिट लिहून घेतले की वीजखपही कळतो. हे सभासदांसमोर करता येते आणि त्याला महागडे उपकरण लागत नाही. नदीची त्या दिवशीची पातळी नोंदवून हमीच्या पातळीशी मेळ कसा घालायचा, किती टक्के तूट चालेल, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला किती वजावट आणि कोणत्या मर्यादेखाली पंप परत न्यायचा, हे आकड्यांत लिहावे. बिलाचे हप्ते या चाचणीशी जोडलेले असावेत. पाइप जागेवर येऊन पडला की ८० टक्के रक्कम देण्याचा प्रघात आपल्याकडे दिसतो. तसे केले की पुढच्या कामात ठेकेदाराचा जीव राहत नाही. मात्र चाचणीपर्यंत सगळेच अडवून ठेवले तर तो त्याचे व्याज दरात मिळवतो. पुरवठ्यावर साठ, टाकणे आणि दाबचाचणीवर पंचवीस, विसर्ग चाचणीवर दहा आणि एक पावसाळा गेल्यावर पाच, ही वाटणी मला बहुतेक वेळा चालली आहे.

या सगळ्यावरून तुमचे मूळ वाक्य साधारण असे होईल: ‘जॅकवेलवरील पंपाच्या डिलिव्हरी फ्लँजपासून वरच्या कुंडाच्या आतल्या भिंतीपर्यंत, सोबतच्या नकाशातील आखणीने, आतला व्यास किमान ३५० मिमी असलेली, संबंधित आयएस मानकाची पाइपलाइन पुरवणे, किमान एक मीटर आच्छादनाखाली टाकणे, जोडणे, दाबचाचणी करणे व जमीन पूर्ववत करणे, खोदाईची रक्कम प्रकारवार व संयुक्त मोजणीने स्वतंत्र.’ वाक्य लांब झाले, पण त्याचा दर तिघांनाही एकाच कामासाठी द्यावा लागेल. त्याखाली ‘या व्याप्तीत नाही’ अशी वेगळी यादी द्या, जीएसटी धरून की सोडून ते लिहा, आणि नकाशा, परिमाण-पत्रक व मजकूर यांत तफावत आढळली तर कोणता कागद वरचढ, तेही लिहा.

आता लगेच काय करावे. सर्वांत कमी दरवाल्याला बोलावून घासाघीस सुरू करू नका. नवा कागद तिघांनाही एकाच दिवशी द्या, तिघांना एकत्र लाइनवरून फिरवा, प्रत्येकाचे प्रश्न लेखी घ्या आणि उत्तरे तिघांनाही पाठवा. कोटेशनसोबत ‘आमच्या अटींपासून आपण कुठे वेगळे जात आहात’ याचा तक्ता मागा. अनुभवी ठेकेदाराच्या त्या तक्त्यातून कागदातल्या तुमच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी कळतात. फेरकोटेशनांत ९२ लाखांचा आकडा वर आणि १ कोटी ४१ लाखांचा खाली सरकला, तर त्यात आश्चर्य मानू नये.

‘स्पेसिफिकेशन मीच लिहून देतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्याला कामाची माहिती असते आणि त्याच्याकडून गणिते, कॅटलॉग, पंपाचे वक्र (हेड आणि विसर्गाचे आलेख) जरूर घ्यावेत. परंतु त्याने लिहिलेल्या कागदावर बाकीच्या दोघांकडून दर मागवता येणार नाही, आणि स्वीकृतीची चाचणी तर त्याने अजिबात लिहू नये. त्यासाठी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, उपसा योजनेवर काम केलेला अभियंता शोधा, किंवा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणकार प्राध्यापकांना विचारा. त्यांचे मानधन कामाच्या रकमेच्या टक्क्यांत न ठरवता ठोक ठरवा, आणि त्यात चाचणीच्या दिवशी कुंडावर हजर राहणे धरलेले असू द्या.